चारुलता ब्लाउजेसचा गुणवत्ता विभाग

चारुलता ब्लाउजेसला बावीस वर्षांत कधी जाहिरात करावी लागली नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट हरिहर पुराणिकांना निवृत्तीच्या चौथ्या महिन्यात खटकायला लागली. पहिले तीन महिने निवृत्त माणूस घरातली घड्याळं दुरुस्त करतो, गच्चीवरच्या टाक्या बघून येतो, डाळी-तांदळाच्या डब्यांना लेबलं लावून ते उंचीप्रमाणे मांडतो. चौथ्या महिन्यात घरात दुरुस्त करण्यासारखं फक्त बायकोचं काम उरतं.

निगडीला प्राधिकरणात त्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट. पुढची खोली म्हणजे चारुलताबाईंचं दुकान. एक शिलाई मशीन, कापायचं एक टेबल, बसायला बाक आणि माप घेण्यासाठी कोपऱ्यात लावलेला फुलाफुलांचा पडदा. दारावर पाटीसुद्धा नव्हती. तरी आकुर्डीपासून महाळुंग्यापर्यंतच्या बायका रिक्षा करून तिथे यायच्या, आणि एकदा आलेली बाई दुसऱ्या शिंप्याकडे जात नसे. असं का होतं, हे हरिहररावांनी कधी विचारलं नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली होती. दुसऱ्याने केलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि परत पाठवायचा, हे त्यांचं काम. चांगलं चाललेल्या गोष्टीत लक्ष घालायची त्यांना सवय नव्हती.

ठिणगी टाकली अनुयाने. त्यांची ही मुलगी माण गावातल्या एका आयटी कंपनीत होती आणि रविवारी जेवायला यायची.

"आई, तू व्हॉट्सॲप बिझनेस का घेत नाहीस? ब्लाउज झाला की मेसेज जाईल, नवीन डिझाइनचे फोटो टाकता येतील. आता सुमनताईंचं एवढं मोठं काम येणार आहे."

सुमनताई म्हणजे महाळुंग्याच्या. घरची शेती कंपन्यांत गेलेली, दारात दोन गाड्या, आणि बोलण्याला मान असा की त्यांच्या बचत गटातल्या तीस बायका त्यांना विचारल्याशिवाय साडीचा रंगही ठरवत नसत. त्यांच्या दिव्याचं लग्न ठरलं होतं. घरच्या बायकांचे चौदा ब्लाउज चारुलताबाईंकडेच शिवायचे, असं त्यांनी तोंडी सांगून ठेवलं होतं. मापं द्यायला त्या तिथून तिसऱ्या गुरुवारी येणार होत्या. ते काम नीट झालं की बचत गटही पाठोपाठ येणार, हे चारुलताबाई जाणून होत्या. त्या भरवशावर त्यांनी नवीन मशीन सांगून ठेवलं होतं. बावीस वर्षांतली ती त्यांची पहिली मोठी हौस.

"मला कुठला वेळ?" चारुलताबाई म्हणाल्या.

"मी बघतो," हरिहरराव म्हणाले.

अनुयाने आईकडे पाहिलं. आईने आमटीच्या भांड्याकडे पाहिलं. "बघू देत त्यांना," चारुलताबाई म्हणाल्या, "डब्यांना लेबलं लावायचं तरी थांबेल."

आता असल्या कामाला किती वेळ लागावा? अनुयाच्या मते दहा मिनिटं. पण जिथे दहा मिनिटांचं काम चार दिवस पुरवून करतात, अशा खात्यातून हरिहरराव आले होते. त्यांनी आधी वही केली. वहीला क्रमांक दिला. मग नवीन सिमकार्ड घेतलं, कारण धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर एक असणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोजायचं यंत्र आणि कापायचं यंत्र एकाच माणसाच्या हाती देणं. दुकानाचं नाव त्यांनी 'चारुलता ब्लाउजेस, गुणवत्तापूर्ण व तपासणीयुक्त' असं भरलं. ते नाव त्या ॲपने नाकारलं. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायला तिथे कोणी नव्हतंच. सरकारी खिडकीवर निदान डोकं खाजवणारा एक माणूस तरी बसलेला असतो, त्याच्याशी दोन शब्द भांडता येतं, साहेब जेवायला गेलेत हे तरी कळतं. इथे नुसतं लाल अक्षरात 'पुन्हा प्रयत्न करा'. हरिहररावांना हा अपमान फार लागला.

पुढची अडचण त्यांनी स्वतः दारात आणली. ॲपमध्ये दुकानाचा पत्ता टाकायचा, तर सोसायटीची परवानगी असावी, म्हणून त्यांनी सेक्रेटरी नानासाहेबांना रीतसर अर्ज दिला. नानासाहेब समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"पुराणिकसाहेब, हे काय केलंत? बावीस वर्षं वहिनींचं दुकान चाललंय. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. आता तुम्ही लेखी विचारलंत. लेखी विचारलं की मला लेखी नाही म्हणावं लागतं."

"मग?"

"मग काय! आमच्या हिचे सगळे ब्लाउज वहिनींकडे. नाही म्हटलं तर मला घरात राहता येणार नाही." नानासाहेबांनी अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि तो फाइलमध्ये सर्वांत खाली घातला. "आणि एक सांगतो, मेसेजमध्ये भाषा जरा वजनदार ठेवा. लोकांना वाटलं पाहिजे की इथे खातं आहे."

हा सल्ला हरिहररावांना मनापासून पटला, आणि तिथून घसरण सुरू झाली.

कोणीही मेसेज केला की आपोआप उत्तर जावं, अशी सोय ॲपमध्ये होती. अनुयाने सुचवलं होतं, 'नमस्कार ताई, थोड्या वेळात कळवते.' हरिहररावांनी लिहिलं, 'आपला संदेश प्राप्त झाला. आपल्या मागणीवर कामकाजाच्या तीन दिवसांत कार्यवाही करण्यात येईल. पत्रव्यवहारात संदर्भ क्रमांक नमूद करावा.' दुसऱ्या मजल्यावरच्या रुपालीला चारुलताबाईंकडून हा नवा नंबर कळला होता. तिने रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्यावरही गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं, तेव्हा तिला हे उत्तर गेलं. ती घाबरून जिना उतरून खाली आली. "काकू, मी काही मागितलं नव्हतं हो," ती चारुलताबाईंना म्हणाली. चारुलताबाईंनी तिला चहा पाजून परत पाठवलं आणि नवऱ्याला नुसतं "अहो," एवढंच म्हणाल्या.

फोटोंचंही असंच. तयार ब्लाउजचे फोटो काढताना आकार समजावा म्हणून हरिहररावांनी प्रत्येकाशेजारी स्टीलची पट्टी ठेवली. फोटो अतिशय स्पष्ट आले. नानासाहेब म्हणाले की हे पंचनाम्याचे वाटतात.

इतकं होईपर्यंत चारुलताबाईंच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तीन दिवसांसाठी साताऱ्याला गेल्या. जाताना त्यांनी मशीनवर कापड टाकलं, कात्री कपाटात ठेवली आणि सांगितलं, "कोणी आलं तर गुरुवारनंतर या म्हणावं. बाकी काही करू नका."

हे वाक्य क्वालिटी खात्यातल्या माणसाला सांगायचं नसतं.

पहिल्याच दिवशी हरिहररावांनी सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम एक स्वागताचा मेसेज पाठवला. चौसष्ट नंबर होते. एकीलाही तो पोचला नाही. बसस्टँडजवळ नवनाथचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, तिथे ते फोन घेऊन गेले.

"काका, तुमचा नंबर नवा. तो बायकांनी सेव्ह केलेला नसला की असा समद्यांना एकदम धाडलेला मेसेज जातच न्हाई," नवनाथ म्हणाला. "सरळ ग्रुप बनवा की राव. समद्यांना आत घाला. कटकट न्हाई."

हरिहररावांनी ग्रुप केला आणि चौसष्ट बायकांना न विचारता आत घातलं. ग्रुपचं नाव 'चारुलता ब्लाउजेस परिवार'. तासाभरात परिवारात अठ्ठावीस गुलाब, सहा गणपती, गॅस सिलिंडर जपून वापरण्याची एक सूचना आणि 'हा कोणाचा नंबर आहे' असे अकरा प्रश्न जमा झाले. प्रत्येक प्रश्नाला हरिहररावांनी संदर्भ क्रमांक दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्य काम हाती घेतलं. चारुलताबाईंची मापांची डायरी कॉम्प्युटरवर चढवायची. डायरीच्या जोडीला पावतीपुस्तकं होती. गिऱ्हाइकाला दिलेल्या पावतीची कार्बन प्रत त्यात राहायची, आणि पावतीवर कापडाच्या रंगाखाली मापंही लिहिलेली असायची. हरिहररावांनी सहज, निव्वळ सवयीने, डायरीतला आकडा पावतीच्या आकड्याशी ताडून पाहिला.

जुळला नाही.

नानासाहेबांच्या पत्नी : डायरीत कंबर अडतीस, पावतीवर पस्तीस. रुपाली : डायरीत चौतीस, पावतीवर एकतीस. सुमनताई : डायरीत चाळीस, पावतीवर छत्तीस. त्यांनी पानं उलटली. कमरेत फरक, दंडात फरक, छातीत फरक. चौसष्टांपैकी एकसष्ट ठिकाणी तफावत. जुळणाऱ्या तिघींपैकी दोघी कॉलेजच्या मुली होत्या आणि तिसरी शाळेतली खेळाची बाई होती.

हरिहररावांनी आधी टेपवर संशय घेतला. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणला जातो, हे कोणीही सांगेल. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि स्टीलच्या पट्टीने इंच इंच तपासला. टेप अगदी बरोबर होता. ब्लाउज तर सगळ्यांच्या अंगाला बसत होते, म्हणजे डायरी बरोबर आणि चूक पावतीवर उतरवताना. मग उरलं एकच. चारूचे डोळे. बावीस वर्षं रोज सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचे डोळे जायला लागले आणि आपल्याला कळलंही नाही, या विचाराने ते खरोखर बाकावर बसून राहिले. त्यांना फार अपराधी वाटलं. मग उठून त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

फरक नेहमी पावतीवरच कमी कसा, एकदाही जास्त कसा नाही, हा प्रश्न त्यांच्या खात्यातल्या नवख्या पोरालाही पडला असता. पण बायकोच्या काळजीत माणसाची तपासणी ढिली होते. चारुलताबाईंना फोन करून विचारावं, असं त्यांच्या एकदा मनात आलं. पण तपासणी चालू असताना ती ज्याच्या कामाची आहे त्याला कळवायचं नाही, असा नियम होता. आणि दुसरा नियम असा, की गिऱ्हाइकाने चूक पकडायच्या आत आपणच ती कबूल करायची. त्या नियमाने कंपनीची अब्रू दोनदा वाचली होती. आता त्याने चारूची वाचवायची, असं त्यांनी ठरवलं, आणि एकेकीला वेगळा मेसेज टाइप करायला घेतला. एका बोटाने एकसष्ट मेसेज. दुपारी बाराला बसले ते रात्री दहाला उठले. जेवणही डब्यातल्या चिवड्यावर भागवलं.

मेसेज असा होता :

'सस्नेह नमस्कार. अंतर्गत तपासणीत आपल्या मापात तफावत आढळली आहे. पावतीवरील कंबर : ३१. प्रत्यक्ष कंबर : ३४. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत. आपला ब्लाउज प्रत्यक्ष मापानेच शिवलेला असल्याने काळजी नसावी. नवीन मापाची नोंद घेऊन पुष्टी करावी. गुणवत्ता विभाग, चारुलता ब्लाउजेस.'

सगळे मेसेज एकदम जावेत म्हणून त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाठवले. नऊ ही कामाची वेळ, दहाला माणूस स्थिरावतो, असा त्यांचा अनुभव.

रुपालीचा म्हणून डायरीत जो नंबर होता, तो तिच्या नवऱ्याचा, ज्ञानेशचा होता. ज्ञानेश चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर. दहा वाजता तो गिऱ्हाईक कंपनीच्या पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर आकडे दाखवत होता, आणि पडद्याला त्याचा फोन जोडलेला होता. पडद्यावर वरच्या बाजूला अक्षरं आली : प्रत्यक्ष कंबर चौतीस. पाहुण्यांतल्या एकाने हा कुठला पार्ट आहे, असं विचारलं. ज्ञानेश म्हणाला, हा पार्ट आपल्याला पुरवायचा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने ही हकिकत हसत हसत बायकोला सांगितली, ही त्याची चूक झाली. दोन दिवस त्याचा डबा कंपनीच्या कँटीनमधून आला.

ग्रुपवर मात्र त्याच सकाळी एकीने लिहिलं, 'मला चुकून दुसऱ्या कोणाचा तरी मेसेज आला आहे.' लगेच दुसरीने लिहिलं, 'मलाही दुसऱ्या कोणाचाच आला आहे.' दुपारपर्यंत चौतीस बायकांना दुसऱ्या कोणाचा तरी मेसेज आलेला होता. आकडा मात्र एकीनेही लिहिला नाही. त्यानंतर एकेक जण बाहेर पडायला लागली. ग्रुपमध्ये माणूस बाहेर पडला की त्याची एक बारीक ओळ उमटते. त्या ओळी हरिहरराव मोजत बसले. एक्केचाळीस झाल्या. नानासाहेबांच्या पत्नी समोरच्या दाराने बाहेर आल्या, हरिहररावांकडे न बघता कचऱ्याचा डबा ठेवला आणि आत गेल्या. पाठोपाठ नानासाहेब आले.

"तुमचा तो अर्ज," ते हळू आवाजात म्हणाले, "विचाराधीन राहिलेला नाही. घरातून आदेश आहेत."

घाबरून हरिहररावांनी अनुयाला फोन लावला.

"बाबा! तुम्ही बायकांना त्यांची मापं पाठवलीत?"

"दुरुस्त करून पाठवली."

"आधी डिलीट करा सगळी. सगळ्यांसाठी डिलीट, असं येईल, ते दाबा."

हरिहररावांनी एकसष्ट मेसेज शिस्तीत पुसले. काम झाल्यावर तिला कळवलं, तेव्हा असं निघालं की त्यांनी दुसरंच बटण दाबलं होतं. मेसेज आता फक्त त्यांच्या स्वतःच्या फोनमधून गेले होते. एकसष्ट घरांत ते जागच्या जागी होते.

त्याच दिवशी, म्हणजे ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी चारुलताबाई आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि स्वतःचा फोन बघत बाकावर बसल्या. साताऱ्याला त्यांना कोणी काही कळवलं नव्हतं. आता एकदम सगळंच समोर आलं. हरिहररावांनी डायरी, पावतीपुस्तकं, टेपच्या तपासणीचा कागद आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"माझे डोळे ठीक आहेत," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग पावतीवर चुकीचं का लिहितेस?"

"पावतीवर त्यांना घरी नेता येईल तेवढं लिहिते. कापते डायरीतल्या मापानेच. बाई पडद्याआड येते, श्वास आत ओढते, आणि विचारते, किती आलं हो ताई? त्या वेळी तिला आकडा नको असतो. पूर्वीची तीच आहेस, असं कोणीतरी म्हणायला हवं असतं. ते घरात कोणी म्हणत नाही. ब्लाउज बसतो अंगाला छान, तिला वाटतं, आकडा तोच आहे. यात कोणाचं काय बिघडलं, सांगा."

हरिहरराव पावतीपुस्तकाची पानं पुन्हा उलटू लागले.

"तुम्ही एकतीस वर्षं पार्ट मोजलेत," चारुलताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "पार्टाला आरशात बघावं लागत नाही."

त्या उठल्या आणि नवीन मशीन तूर्त नको म्हणून दुकानदाराला फोन करायला आत गेल्या. एवढ्या एका फोनने हरिहररावांना जे वाटलं, ते कंपनीतल्या कुठल्याच मेमोने कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

पुढचे सहा दिवस दुकानात कोणी आलं नाही. मशीनवरचं कापड तसंच होतं. निवृत्तीनंतर दुपारी झोपताना त्या मशीनच्या खडखडाटाची हरिहररावांनी तक्रार केली होती. आता शांततेत त्यांचा डोळा लागेना. त्यांनी माफीचा मेसेज सात प्रकारे लिहिला. सातव्यात मूळ कारण, तात्पुरती उपाययोजना आणि कायमची उपाययोजना असे तीन तक्ते होते. चारुलताबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला.

गुरुवार आला. सुमनताई येणार नाहीत, हे दोघांनी धरूनच चाललं होतं. पण अकराच्या सुमारास फाटकाशी पांढरी मोठी गाडी थांबली आणि सुमनताई उतरल्या. मागून दिव्या, आणि तिच्या मागून बचत गटातल्या तिघीजणी. त्या तिघी सरळ बाकावर बसल्या. सुमनताई मात्र उभ्या राहिल्या.

"ताई, खरं सांगते, आज आमी चिंचवडच्या दुकानात निघालो व्हतो," त्या म्हणाल्या. "मला वाचता न्हाई येत. माझा मेसेज ही दिव्या मोठ्यानं वाचती. आन् त्या दिवशी घरात हिच्या सासरची मानसं बसल्याली. चाळीस म्हनं! इहीणबाईंनी माज्याकडं वरपासून खालपत्तुर बघितलं. मी म्हनलं, कंपनीचा मेसेज हाय. पन ती काय खुळी न्हाई."

"सुमनताई, चूक झाली," चारुलताबाई म्हणाल्या.

"चूक कुनाची, ते मला आज बगायचं हाय. बावीस वर्सं तुमी छत्तीस सांगितलं. ह्ये सायेब म्हन्त्यात चाळीस. दोगांतलं एक खोटं. जे घर मापात खोटं बोलतंय, तिथं माज्या लेकीच्या लग्नाचं कापड कसं टाकू मी?" बाकावरच्या तिघींनी माना डोलावल्या. "तवा आज ताईंनी बोलायचं न्हाई. ताई टेप धरतील, आन् सायेब वाचतील. कंपनीतलं मानूस हाय, त्याच्या तोंडाला खोटं येत न्हाई असं म्हन्त्यात. जे निगंल ते दिव्या ग्रुपवर टाकंल. व्हय का न्हाई गं?"

दिव्याने आईचा फोन हातात घेतलाच होता. ग्रुपमध्ये अजून तेवीसजणी उरलेल्या होत्या.

सुमनताईंनी पदर खोचला आणि खोलीच्या मधोमध ताठ उभ्या राहिल्या. चारुलताबाईंनी कमरेला टेप लावला. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आपण काही सुचवलं तर नवरा आणखी गोंधळेल, हे त्या तीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या.

हरिहरराव चष्मा सारखा करत वाकले. टेपचं टोक जिथे टेकलं होतं, तिथला आकडा स्वच्छ दिसत होता. चाळीस. चाळीसवर एक बारीक रेघ, म्हणजे सव्वाचाळीस. त्यांनी पुन्हा वाचलं, कारण कुठलंही माप दोनदा वाचायचं, असा नियम होता. मग मान वर केली. सुमनताई समोर भिंतीकडे बघत होत्या. श्वास आत ओढून धरला होता. तीन मजली घर बांधलेली, गावात जिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, अशी ती बाई त्या क्षणी एवढीशी दिसत होती. हरिहररावांनी एकतीस वर्षांत हजारो पार्ट तपासले होते. त्यांतल्या एकानेही त्यांच्यासमोर श्वास रोखून धरला नव्हता.

"किती आलं हो सायेब?" त्यांनी विचारलं.

"साडेपस्तीस," हरिहरराव म्हणाले.

चारुलताबाईंच्या हातातला टेप हलला.

"पण आमच्याकडे अर्धा असला की वरचा पूर्ण आकडा धरतात," ते खाकरून पुढे म्हणाले. "तेव्हा छत्तीस."

"आन् मंग त्यो चाळीसचा मेसेज?"

"तो माझा गोंधळ. डायरी बरोबर होती, पावतीही बरोबर होती. मीच एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना चुकलो. सगळ्यांचेच आकडे चुकले. एकसष्ट."

बाकावरची एक हसली. "आवो सायेब, तुमी तर कंपनीत मापंच घ्येत व्हता म्हनं! यवढी वर्सं!"

हरिहररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्या आयुष्यात त्यांच्याजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. पगार बेताचा, बढत्या दोन, पण पुराणिकांनी मोजलं म्हणजे मोजलं, असं चाकणला लोक म्हणायचे.

"घेत होतो," ते म्हणाले. "तिथेही बरंच चुकलं असणार. मला कोणी तपासत नव्हतं."

दिव्याने फोन तोंडाशी धरला आणि ग्रुपवर आवाजातच निरोप सोडला, की आईचं माप छत्तीसच आलं, सायबांनी सगळ्यांसमोर मोजलं, आणि सायबांना आकडे उतरवता येत नाहीत असं ते स्वतः म्हणाले. बाकावर ठेवलेल्या तीन पिशव्यांतून तीन फोन वाजले. समोरच्या फ्लॅटमधूनही एक वाजला. पाचच मिनिटांत नानासाहेबांच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "चारुलता, मोरपंखी साडीला पोपटी अस्तर चालेल का गं?"

सुमनताईंनी गाडीतून कापडाचं गाठोडं मागवलं. ते टेबलावर सोडताना त्या हरिहररावांच्या जवळ सरकल्या.

"चाळीस हाय त्ये मला बी ठावं हाय, सायेब," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय लहान हाय व्हय? पन तुमी आज बोलला, ते लई बरं केलं."

दिव्याचं माप झालं, तिघींची मापं झाली, प्रत्येकीला आपापला आकडा ऐकू आला आणि प्रत्येकजण खूश झाली. चारुलताबाईंनी मशीनवरचं कापड काढलं. मग डायरी उघडून त्यांनी सुमनताईंच्या पानावर सव्वाचाळीस लिहिलं आणि पावतीवर छत्तीस. आजवर पावतीवर त्यांची एकटीची सही असायची. आज त्यांनी सही केली नाही. पावतीपुस्तक त्यांनी फिरवून नवऱ्यापुढे ठेवलं.

"गुणवत्ता विभाग," त्या म्हणाल्या.

हरिहररावांनी खिशातलं पेन काढलं. पावती एकदा नीट वाचली. मग आकड्याखाली, एकतीस वर्षं लिहीत आले त्याच टपोऱ्या अक्षरात, त्यांनी लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' आणि तारीख घालून सही केली.